लहान मूळ संख्यांनी भाग न जाणाऱ्या संख्या कशा मोजायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरूड-मोर्शीपासून पुसद-उमरखेडपर्यंतच्या गावांतून हे प्रश्न येतात. विचारणाऱ्यांत शिष्यवृत्ती परीक्षेची पोरं आहेत, पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेसाठी गावच्या अभ्यासिकेत बसणारी मुलं-मुली आहेत, आणि अधूनमधून शाळेतले शिक्षकही आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे पुढे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

सूत्र पाठ करून येणाऱ्यांना सुरुवातीलाच एक सांगतो. अडलात की सूत्राकडे पाहू नका. कोणतीही एक संख्या घ्या आणि आपल्या हिशेबात ती एकूण किती वेळा मोजली गेली ते पाहा. खाली बहुतेक शंका याच एका सवयीने सुटलेल्या दिसतील.

१. मुळात या गणितात विचारलेलं काय असतं?

नमुना असा असतो: १ ते १०० मध्ये २, ३, ५ यांपैकी एकाही संख्येने भाग न जाणाऱ्या संख्या किती?

डोळ्यांपुढे संत्र्याच्या झाडांची एक लांब ओळ आणा. १०० झाडं, प्रत्येकाला क्रमांक. गडी बांधावरून निघाला आणि दर दुसऱ्या झाडाच्या खोडाला त्याने चुन्याचा पट्टा मारला. मग पुन्हा पहिल्यापासून निघून दर तिसऱ्याला गेरूचा, आणि तिसऱ्या फेरीत दर पाचव्याला निळसर बोर्डो मलमाचा. (खऱ्या बागेत मलम प्रत्येक खोडाला लागतो. इथे तो हिशेबापुरता पाचव्यालाच लावू.) एकही पट्टा नसलेली झाडं किती, एवढाच प्रश्न आहे. उत्तर २६. ते कसं येतं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

२. १०० पर्यंत ३ च्या पटी किती, हे न मोजता कसं काढायचं?

१०० ला ३ ने भागा, भागाकार ठेवा, बाकी सोडून द्या. ३३. कारण ३ × ३३ = ९९ आत बसते आणि ३ × ३४ = १०२ बाहेर जाते.

इथे पुष्कळांची चूक होते ती दशांशाच्या सवयीने. १०० ÷ ६ = १६.६६ आलं की "जवळचा पूर्णांक" म्हणून १७ लिहितात. सतरावी पट १०२ आहे, ती ओळीत नाहीच. म्हणून १६. अपूर्णांक कितीही मोठा असला तरी खालचाच पूर्णांक घ्यायचा, १६.९९ आलं तरी १६ च.

३. सर, १०० मधून ५०, ३३ आणि २० वजा केले तर उणे ३ येते. काऊन?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच.

५० + ३३ + २० = १०३ ही पट्ट्यांची संख्या आहे. पट्टे असलेल्या झाडांची नाही. सहाव्या झाडाकडे पाहा: त्याला चुना आहे, गेरूही आहे. आपण ते एकदा २ च्या यादीत वजा केलं आणि पुन्हा ३ च्या यादीत. झाड एक, वजाबाकी दोनदा. दहाव्या झाडाचं तसंच, पंधराव्याचं तसंच. तिसाव्या झाडाला तर तिन्ही पट्टे आहेत, ते तीनदा वजा झालं.

म्हणून जी झाडं दोनदा वजा झाली ती एकदा परत जमा करायची. २ आणि ३ दोन्हीचे पट्टे असलेली झाडं म्हणजे ६ च्या पटी: १६. २ आणि ५ चे म्हणजे १० च्या पटी: १०. ३ आणि ५ चे म्हणजे १५ च्या पटी: ६. एकूण ३२ परत.

पण आता तिसावं झाड बघा. ओळीत ते एकदा होतं. तीनदा वजा झालं आणि तीनदा परत आलं, कारण ते ६ च्या पटींत आहे, १० च्या आहे आणि १५ च्याही आहे. १ − ३ + ३ = १. म्हणजे तिन्ही पट्टे अंगावर असताना ते "बिनपट्ट्याचं" म्हणून मोजलं जातंय! साठाव्या आणि नव्वदाव्या झाडाचं हेच. ही तीन झाडं शेवटी एकदा वजा करावी लागतात.

१०० − (५० + ३३ + २०) + (१६ + १० + ६) − ३
= १०० − १०३ + ३२ − ३ = २६

आता चार वेगळी झाडं घेऊन तपासा. सातव्याला पट्टा नाही, ते १ वेळा मोजलं गेलं. नववं: १ − १ = ०. दहावं: १ − २ + १ = ०. तिसावं: १ − ३ + ३ − १ = ०. जे हवं ते बरोबर एकदा, जे नको ते शून्य वेळा. यालाच समावेश-वगळणीचं तत्त्व म्हणतात.

४. तीनपर्यंत समजलं. पण चार-पाच मूळ संख्या घेतल्या तरी वजा-अधिक, वजा-अधिक असंच चालते, हे कशावरून?

एखाद्या झाडावर चार पट्टे आहेत असं धरा. ओळीत ते १ वेळा. एकेकट्या याद्यांत ४ वेळा वजा. चारातून दोन-दोनच्या जोड्या ६, म्हणून ६ वेळा अधिक. तीन-तीनचे गट ४, म्हणून ४ वेळा वजा. चौघांचा गट १, म्हणून १ वेळा अधिक. १ − ४ + ६ − ४ + १ = ०.

पाच पट्टे असतील तर १ − ५ + १० − १० + ५ − १ = ०.

हे आकडे ओळखीचे वाटले असतील. आपल्याकडच्या मेरुप्रस्ताराच्या, म्हणजे पास्कलच्या त्रिकोणाच्या, या ओळी आहेत. पिंगलाच्या छंदशास्त्रावर दहाव्या शतकात टीका लिहिताना हलायुधाने तो मांडून दाखवला. कोणतीही ओळ घ्या (वरचा एकटा १ सोडून), एकाआड एक चिन्हं लावून बेरीज केली की शून्यच येते, कारण ती (१ − १) या कंसाच्या घाताचा विस्तार आहे. म्हणून झाडावर कितीही पट्टे असोत, एक तरी पट्टा असला की ते हिशेबातून पूर्ण बाहेर पडतं.

५. ७ पण घेतला तर उत्तर किती येते?

२२. संपूर्ण मांडणीत १६ पदं असतात: सुरुवातीचे १००, एकेकटी ४, जोड्या ६, तीन-तीनचे गट ४, आणि चौघांचा १. २, ३, ५ ची पदं प्रश्न ३ मध्ये झालीच आहेत. ७ मुळे नवीन येणारी पदं एवढीच:

७ च्या पटी १४ (वजा)
१४ च्या ७, २१ च्या ४, ३५ च्या २ (अधिक)
४२ च्या २, ७० ची १, १०५ ची ० (वजा)
२१० ची ० (अधिक)

२६ − १४ + १३ − ३ + ० = २२.

शून्य आलेली पदंही लिहा, निदान सराव करताना तरी. न लिहिलेलं पद शून्य होतं की विसरलं होतं, हे नंतर कळत नाही.

६. १०० मध्ये ७ च्या पटी १४ आहेत. मग उत्तर २६ वरून २२ वर, फक्त चारनेच काऊन उतरले?

हा प्रश्न पुसदकडच्या एका विद्यार्थिनीने पाठवला होता, आणि या पानावरचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे.

७ च्या बहुतेक पटी आधीच बाहेर पडलेल्या होत्या. १४ गेली २ मुळे, २१ गेली ३ मुळे, ३५ गेली ५ मुळे. ७ ने नव्याने काय बाहेर काढलं ते लिहून पाहा: ७, ४९, ७७, ९१. बस्स, चारच. (९१ वर एक क्षण थांबा. ती मूळ संख्या दिसते, पण ७ × १३ आहे. भरतीच्या पेपरात ती पर्यायांत हमखास असते.)

आता या चौघींना ७ ने भागा: १, ७, ११, १३. म्हणजे १४ पर्यंतच्या, २, ३, ५ ने भाग न जाणाऱ्या संख्या! आणि १४ आलं १०० ÷ ७ मधून. म्हणून नियम असा:

२, ३, ५, ७ साठी १०० पर्यंतचं उत्तर = २, ३, ५ साठी १०० पर्यंतचं उत्तर − २, ३, ५ साठी १४ पर्यंतचं उत्तर = २६ − ४ = २२.

सोळा पदांऐवजी एक वजाबाकी. १००० साठी करून पाहा. २, ३, ५ चं १००० पर्यंतचं उत्तर २६६. १००० ÷ ७ म्हणजे १४२, आणि १४२ पर्यंतचं उत्तर ३८. २६६ − ३८ = २२८. सोळा पदं लिहिली तरी हेच येतं. ३८ आणि २६६ तोंडी कसे काढायचे ते पुढच्याच उत्तरात आहे.

७. परीक्षेत एवढा वेळ नसतो. २, ३, ५ साठी काही जलद रीत आहे का?

आहे. १ ते ३० मध्ये २, ३, ५ ने भाग न जाणाऱ्या संख्या आठ: १, ७, ११, १३, १७, १९, २३, २९. या पाठ करा. लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून जोड्या लावा: १ आणि २९, ७ आणि २३, ११ आणि १९, १३ आणि १७. प्रत्येक जोडीची बेरीज ३०.

३१ पासून हाच नमुना पुन्हा सुरू होतो, कारण एखाद्या संख्येत ३० मिळवले तर २, ३, ५ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. म्हणून दर ३० ला ८.

१०० = ३ × ३० + १०. तीन गटांचे २४, उरलेल्या १० मध्ये १ आणि ७ असे २. एकूण २६.
१४२ = ४ × ३० + २२. ३२ आणि ६, एकूण ३८.
१००० = ३३ × ३० + १०. २६४ आणि २, एकूण २६६.
१०,००० = ३३३ × ३० + १०. २६६४ आणि २, एकूण २६६६.

७ पण असेल तर गट २१० चा होतो आणि त्यात ४८ संख्या येतात. त्या पाठ करण्याच्या फंदात पडू नका, प्रश्न ६ ची वजाबाकी जास्त सोपी आहे.

८. १०० × १/२ × २/३ × ४/५ असं केलं तर २६.६७ येते. मग २७ का चूक?

हा गुणाकार म्हणजे "अर्ध्या गेल्या, उरलेल्यांतल्या एक तृतीयांश गेल्या, त्यातल्या एक पंचमांश गेल्या" असा विचार आहे. शेवटची संख्या ३० ची पट असेल तेव्हा तो तंतोतंत खरा ठरतो. ९० साठी २४ येतात, आणि खरं उत्तरही २४ च आहे. पण १०० हे ३० च्या पटीवर थांबत नाही. शेवटच्या अर्धवट गटातल्या दहा संख्यांना सरासरीने २.६७ मिळायला हवेत, प्रत्यक्षात त्यात २ च आहेत.

तरी ही रीत टाकून देऊ नका. २, ३, ५ साठी हे अंदाजाचं उत्तर आणि खरं उत्तर यांत कधीही पूर्ण १ चा फरक पडत नाही. सगळ्यात मोठा फरक १९ वर संपताना पडतो: खरं उत्तर ६, अंदाज ५.०७. म्हणून २६.६७ आलं तर खरं उत्तर २६ किंवा २७ यांपैकीच एक. पर्यायांत ३३, २९, २६, २४ असतील तर हिशेब न करताही उत्तर सापडलं. पर्यायांत २६ आणि २७ दोन्ही दिले असतील, तर मात्र प्रश्न ७ ची रीत.

९. १ धराचा की नाही? आणि शून्य?

१ धरायचा. त्याला २, ३, ५ कोणीच भागत नाही. "१ मूळ नाही म्हणून सोडला" असं लिहिणारे खूप आहेत, पण इथे मूळ संख्या विचारलेल्याच नाहीत. शून्य ही प्रत्येक संख्येची पट आहे, म्हणून ० ते १०० असा पल्ला दिला तरी उत्तर २६ च राहतं.

१०. १ पासून सुरुवात नसेल तर? समजा १०१ ते ५००.

५०० पर्यंतचं उत्तर काढा, १०० पर्यंतचं वजा करा. ५०० = १६ × ३० + २०, म्हणून १२८ + ६ = १३४. त्यातून २६ गेले, १०८ उरले.

वजा करताना १०१ पर्यंतचं उत्तर घेऊ नका. १०१ ही संख्या आपल्याला हवी आहे, आणि तिला २, ३, ५ भागत नाहीत. ती वजा झाली तर उत्तर १०७ येईल, आणि पेपर काढणारा हा पर्याय मुद्दाम ठेवतो.

११. "फक्त एकानेच भाग जातो", "निदान दोघांनी जातो" असं विचारलं तर?

प्रश्न ३ मधले तीन आकडे तेच: एकेकट्यांची बेरीज १०३, जोड्यांची ३२, तिघांचा ३.

तिन्हींनी भाग जाणाऱ्या: ३.
नेमक्या दोघांनी: ३२ − ३ × ३ = २३. जोड्यांच्या यादीत तीन पट्ट्यांचं प्रत्येक झाड तीनदा आलेलं असतं, ते सगळं काढून टाकलं.
नेमक्या एकाने: १०३ − २ × ३२ + ३ × ३ = ४८.
एकानेही नाही: २६.

४८ + २३ + ३ + २६ = १००. ही बेरीज जुळलीच पाहिजे. "निदान दोघांनी" म्हणजे २३ + ३ = २६. इथेही २६ आले, तो निव्वळ योगायोग आहे. त्यावरून नियम बनवू नका.

प्रश्न "तिन्हींनी भाग जात नाही" असा असेल तर जरा थांबा. पेपरात "२, ३, ५ यांपैकी कोणत्याही संख्येने" असं असेल तर उत्तर २६. "एकाच वेळी तिन्हींनी भाग जाणाऱ्या सोडून" असं असेल तर ९७.

१२. २ ने भाग जातो पण ३ आणि ५ ने नाही, अशा किती?

सम संख्यांपासून सुरू करा: ५०. त्यातून ६ च्या पटी १६ आणि १० च्या पटी १० वजा. ३० च्या ३ दोनदा गेल्या, त्या एकदा परत. ५० − २६ + ३ = २७.

१३. भाजक मूळ संख्या नसतील तर? आम्ही ४ आणि ६ साठी २४ घेतले, उत्तर चुकले.

मूळ संख्यांच्या उदाहरणांत आपण २ × ३ = ६, ३ × ५ = १५ असा गुणाकार करत आलो. तो चालला, कारण दोन वेगळ्या मूळ संख्यांचा लसावि म्हणजे त्यांचा गुणाकारच. खरी गरज नेहमी लसाविची असते.

सामाईक विहिरीवर मोठा भाऊ दर चौथ्या दिवशी मोटार लावतो, धाकटा दर सहाव्या दिवशी. १०० दिवसांत मोटार अजिबात न लागलेले दिवस किती? चौथ्या दिवसाच्या पाळ्या २५, सहाव्याच्या १६. दोघांची पाळी एकाच दिवशी येते ती १२, २४, ३६... या दिवशी, म्हणजे ४ आणि ६ च्या लसाविच्या पटींना: ८ दिवस. १०० − २५ − १६ + ८ = ६७.

२४ घेतले की १२ वा, ३६ वा, ६० वा आणि ८४ वा दिवस दोनदाच वजा राहतात आणि उत्तर ६३ येतं. बाराव्या दिवशी विहिरीवर दोघेही भाऊ उभे आहेत, हे डोळ्यांपुढे आणलं की चूक लगेच सापडते.

१४. २, ४ आणि ८ दिले तर किती पदं लिहायची?

एकच. ज्याला ४ किंवा ८ ने भाग जातो त्याला २ ने जातोच, म्हणून ४ आणि ८ खोडून टाका. ५० उरतात. तसंच "२, ३ आणि ६" मध्ये ६ चा काही उपयोग नाही. लसावि घेऊन सगळी पदं लिहिली तरी उत्तर बरोबरच येतं, मेहनत तेवढी वाया जाते.

१५. दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या दिवशी सुरू होत असतील तर?

तर सावध राहायला हवं. विहिरीच्या उदाहरणात (प्रश्न १३) मोठ्याने पहिल्या दिवशी सुरू करून दर चौथा दिवस धरला: १, ५, ९, १३... धाकट्याने दुसऱ्या दिवशी सुरू करून दर सहावा: २, ८, १४... मोठ्याचे सगळे दिवस विषम, धाकट्याचे सगळे सम. त्यांची गाठ कधी पडणारच नाही. मोठ्याचे दिवस २५, धाकट्याचे १७ (शेवटचा ९८), एकत्र ०. १०० − ४२ = ५८. लसाविच्या पटी मोजून इथे काहीच हाती लागत नाही.

दोन्ही अंतरं सहमूळ असतील, समजा ३ आणि ५, तर सुरुवात कुठूनही करा, दर १५ दिवसांत बरोबर एकदा गाठ पडते. १, ४, ७, १०... आणि २, ७, १२... यांची पहिली गाठ सातव्या दिवशी, मग २२, ३७, ५२, ६७, ८२, ९७. सात वेळा. साध्या १५ च्या पटी १०० पर्यंत सहाच आहेत, म्हणून इथे पहिली गाठ शोधून तिथून पुढे मोजायचं. दोन भाजक आणि दोन बाक्या दिल्या असता अशी संख्या शोधण्याची रीत आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये दिली. तिला कुट्टक म्हणतात.

१६. उरलेल्या २२ संख्या सगळ्या मूळच असतात ना?

१०० पर्यंत जवळजवळ. २२ मध्ये १ आहे, तो मूळ नाही. उरलेल्या २१ मूळ आहेत. आणि २, ३, ५, ७ स्वतः मूळ असूनही आपणच त्यांना बाहेर काढलं. म्हणून १०० पर्यंतच्या मूळ संख्या = २२ − १ + ४ = २५.

हे जमलं कारण १०० पर्यंतच्या कोणत्याही संयुक्त संख्येला १० किंवा त्याहून लहान मूळ भाजक असतोच. २, ३, ५, ७ एवढ्यांवर १२० पर्यंत निभावतं: १२० साठी ३२ − ५ = २७, मग २७ − १ + ४ = ३०, आणि १२० पर्यंत मूळ संख्या खरोखर ३० आहेत. १२१ आली की संपलं, ती ११ × ११ आहे.

म्हणून प्रश्न ६ मधल्या २२८ वरून "१००० पर्यंत २३१ मूळ संख्या" असं लिहू नका. त्या १६८ च आहेत. २२८ मध्ये १२१, १४३, १६९ अशा पुष्कळ संयुक्त संख्या बसलेल्या आहेत. १००० साठी ३१ पर्यंतच्या सगळ्या अकरा मूळ संख्या घ्याव्या लागतात.

१७. सगळी पदं न लिहिता मधेच थांबलं तर निदान अंदाज मिळतो का?

मिळतो, आणि तो कोणत्या बाजूला चुकतो हेही पक्कं माहीत असतं. १०० चं उदाहरण पायरीपायरीने पाहा: १००, मग −३, मग २९, मग २६. वजाबाकीवर थांबलात तर आकडा खऱ्या उत्तराएवढा किंवा कमी, बेरजेवर थांबलात तर तेवढाच किंवा जास्त. हे नेहमीच खरं आहे.

−३ हा अंदाज परीक्षेत काही कामाचा नाही. पण कुठे थांबायचं हे नीट निवडलं तर याच कल्पनेतून मोठं गणित उभं राहतं. नॉर्वेच्या व्हिगो ब्रुनने तेच केलं आणि १९१९ मध्ये जुळ्या मूळ संख्यांबद्दल (११-१३, १७-१९ अशा) सिद्ध केलं की त्यांच्या व्यस्तांची बेरीज सांत आहे. जुळ्या मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हे आजही सिद्ध झालेलं नाही.

१८. एकही वर्गसंख्या भाजक नसलेल्या संख्याही अशाच मोजता येतात का?

हो, तोच मार्ग. १ सोडून कोणत्याही वर्गाने भाग जाऊ नये म्हणजे ४, ९, २५, ४९ ने भाग जाऊ नये. १६ किंवा ३६ ने भाग जात असेल तर ४ ने जातोच, म्हणून फक्त मूळ संख्यांचे वर्ग पुरतात. १०० पर्यंत: २५ + ११ + ४ + २ = ४२ वजा. ३६ च्या पटी २ आणि १०० ची पट १ अशा ३ परत. बाकीचे लसावि १०० च्या पुढे. १०० − ४२ + ३ = ६१. खूप पुढपर्यंत गेलं की अशा संख्यांचं प्रमाण ०.६०७९ च्या जवळ स्थिरावतं. ते ६ भागिले पायचा वर्ग एवढं असतं.

१९. हे शोधलं कोणी? आणि आपल्या पुस्तकात आहे का?

इरॅटोस्थेनिसची चाळणी इ.स.पू. तिसऱ्या शतकातली. तिच्यात संख्या एकेक करून खोडतात, मोजणीचं सूत्र नाही. अशी मोजणी अब्राहम द म्वाव्हरने १७१८ मध्ये संभाव्यतेच्या प्रश्नांसाठी वापरली. १८०८ मध्ये लजाँद्रने ती मूळ संख्या मोजायला लावली, म्हणजे प्रश्न १६ मधली रीत त्याची. पोर्तुगालच्या दा सिल्वाने १८५४ मध्ये आणि सिल्व्हेस्टरने १८८३ मध्ये तत्त्व स्वतंत्रपणे मांडलं.

नववीच्या संचांच्या प्रकरणात दोन संचांच्या संयोगातील घटकांची संख्या काढायचं सूत्र आहे: दोघांची बेरीज वजा छेदातील घटक. ते या तत्त्वाचं दोन पट्ट्यांचं रूप आहे. नववीत ते नीट कळलं असेल तर या पानावर नवीन फारसं काही नाही.

२०. मोबाईलवर चार ओळींचा प्रोग्राम लिहिला की झालं. मग ही रीत कशाला?

१०० किंवा दहा लाखांपर्यंत प्रोग्राम खुशाल लिहा. आपलं हातचं उत्तर तपासायला तो उत्तमच, आणि मुलांनी तो लिहावा असं मला मनापासून वाटतं. पण प्रत्येक संख्या तपासणारा प्रोग्राम आकडा वाढला की थकतो.

कोरी समावेश-वगळणीही थकते. १०,००० पर्यंतच्या मूळ संख्यांसाठी १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्या लागतात, म्हणजे ३,३५,५४,४३२ पदं. त्यांतली बहुतेक शून्यच, कारण गुणाकार १०,००० च्या पुढे जातो, तरी हाताने कोण लिहील? इथे प्रश्न ६ ची वजाबाकी उपयोगी पडते. तीच पुन्हापुन्हा वापरायची आणि शून्य होणाऱ्या फांद्या वेळीच सोडून द्यायच्या.

जर्मनीच्या एर्न्स्ट माइसेलने ही वजाबाकी आणखी धारदार केली आणि १८७० च्या सुमारास, कोणत्याही यंत्राशिवाय, दहा कोटींपर्यंतच्या मूळ संख्या मोजल्या: ५७,६१,४५५. हा आकडा बरोबर आहे. १८८५ मध्ये त्याने शंभर कोटींसाठी ५,०८,४७,४७८ दिला. पुढे संगणक आल्यावर कळलं की खरा आकडा ५,०८,४७,५३४ आहे, म्हणजे पाच कोटींवरच्या मोजणीत ५६ चा फरक. आजही मूळ संख्यांच्या मोठ्या मोजणीसाठी जे प्रोग्राम वापरतात, त्यांतल्या बऱ्याच प्रोग्रामांच्या गाभ्यात माइसेलच्या याच रीतीची सुधारलेली रूपं आहेत.